वाड्याची माडी रिकामी आहे, कलाकेंद्र करता येईल का?

प्रश्न: कसबा पेठेत आमचा पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. खाली चौकाभोवती आम्ही राहतो आणि वरची माडी भाडेकरू गेल्यापासून बंदच आहे. सून कथक शिकवते, तिच्या दोन मैत्रिणी चित्रकार आहेत, तर सगळ्यांचं म्हणणं की माडीवर छोटं कलाकेंद्र काढू. पण एका कॉन्ट्रॅक्टरनी सांगितलं की लाकूड सगळं काढा, स्लॅब टाका, भिंतींना सिमेंटचा गिलावा करा आणि मगच काय ते करा. काय करावं?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर: ताई, पत्र वाचून खरंच बरं वाटलं, कारण पेठांमधून एकेक वाडा जाताना बघतोय आणि तुम्ही मात्र तो वापरायचं म्हणताय. विश्रामबागवाड्याचंच बघा ना, दुसरा बाजीराव पुणं सोडून गेल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे पालिकेची कचेरी, पोस्ट, असं काही ना काही चालूच राहिलं, आणि प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट आलं नसतं तर ती जागा आज कशी असती कोण जाणे.

पण कॉन्ट्रॅक्टरचं ऐकू नका प्लीज. जुन्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत निघून जाते, सिमेंट लावलं की तिला वाट राहत नाही, ती भिंतीतच वर चढते आणि तुळयांची जी टोकं भिंतीत बसवलेली असतात ती आतून कुजतात, बाहेरून काही दिसत नाही. आणि पाच इंची स्लॅबचं नुसतं वजनच चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं, ते त्या मातीच्या जोडणीच्या भिंतींवर टाकायचं म्हणजे धोकाच. गिलावा चुन्याचाच करायचा, आणि तो करणारा जाणता गवंडी शोधायला वेळ लागला तरी थांबा.

आता कथक. माझं मत स्पष्ट आहे, कथक माडीवर नको. घराच्या मजल्यासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, आणि जिथे लोक जमतात, खुर्च्या पक्क्या नसतात, तिथे ५०० धरावा लागतो. त्यात वीस मुली एकाच लयीत तत्कार, म्हणजे पायांचे ठोके, करायला लागल्या की लाकडी मजला त्या ठेक्याबरोबर हलतो, नुसत्या वजनापेक्षा हे जास्त वाईट. नाच खाली आणा. ओसरीवर किंवा चौकालगतच्या खोलीत शहाबादीवर लाकडी पट्ट्या ठोकून, मध्ये थोडी पोकळी ठेवून वर फळ्यांची जमीन केली तर मुलींच्या गुडघ्यांनाही बरं, दगडावर रोज रियाज करायचा नसतो. माडीवर चित्रं, वाचन, दहा-बारा जणांची बैठक, एवढंच, आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरनी तुळया, खांब तपासून हो म्हटल्यावर. असा इंजिनिअर बघा ज्यानी लाकडी इमारतींवर काम केलंय, वाळवी कुठवर गेलीय हे तो टोचून बघतो.

काम सुरू करायच्या आधी वाडा पालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का आणि कुठल्या ग्रेडला आहे ते विचारून घ्या. असला तर परवानगीशिवाय खिडकीची चौकटसुद्धा बदलू नका.

जुनी वायरिंग सगळी काढून नवीन करा, लाकडात ती फार घातक. शेजार भिंतीला भिंत लागून आहे तेव्हा तबला-पेटी रात्री उशिरापर्यंत नको, दहानंतर लाऊडस्पीकर तर कायद्यानेच बंद.

आणि एक राहिलं, जिना. बऱ्याच वाड्यांत तो भिंतीतून जातो, एका वेळी एकच माणूस चढेल एवढाच, आग लागली तर वरचे लोक उतरणार कुठून? माडीच्या मागच्या बाजूनी दुसरा जिना काढता येतो का ते मोजून कळवा, त्यावरच वर किती जणांना बसवायचं ते ठरेल.