अंगणातलं लाकूड: पॉलिश, तेल की पीयू?

प्रश्न: अंगणात सागवानी बाक आहे. एप्रिलमध्ये मिस्त्रींनी मेलामाइन पॉलिश केलं. पावसाळ्यानंतर पांढरे चट्टे पडले, पोपडे निघू लागले. आता पीयू (पॉलियुरेथेनचं वॉर्निश) मारावं की बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल)? (एक वाचक, खानापूर)

उत्तर: मेलामाइन घराच्या आतलं काम. लाखेचं पॉलिशही तसंच, पाणी लागलं की पांढरं पडतं. उघड्यावर लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही, तडकतो. त्या फटीतून पाणी आत शिरतं आणि थराखालीच अडकतं. पीयू बाहेरच्या वापराचं असलं तरी उघड्या अंगणात कधीतरी तडकणारच, आणि मग पुन्हा सगळं खरवडणं आलं. छपराखालच्या पडवीत मात्र ते खुशाल वापरा. सागवान तेलकट असतं, म्हणून आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या.

बेलतेलाचे पोपडे निघत नाहीत. अथणीकडच्या कोरड्या हवेत ते चांगलं चालतं. पण जवसाच्या तेलावर बुरशी पोसते, आणि खानापुरापासून कणकुंबीपर्यंतच्या पावसात बाक काळा पडतो. शिवाय बिनरंगी तेल ऊन अडवत नाही. म्हणून तुमच्यासाठी आमची पसंती बाहेरच्या लाकडासाठी मिळणाऱ्या, लाकडात मुरणाऱ्या रंगीत वुड स्टेनला. बुरशीरोधक आहे का, हे डब्यावर वाचून घ्या.

जुना थर पूर्ण काढा: ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी १५०. त्याहून गुळगुळीत करू नका, स्टेन मुरत नाही. घासायचं ते रेषांच्या दिशेनंच. पातळ दोन हात द्या, न मुरलेला स्टेन पंधरा-वीस मिनिटांत पुसा; साठला तर चिकट राहतो. दोन हातांमधलं अंतर डब्यावर दिलेलं असतं. पायांच्या खालच्या कापलेल्या तोंडाला तीन-चार हात हवेत, कारण पाणी तिथूनच सर्वांत जास्त ओढलं जातं. पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवा. पुढे रंग फिकटला की धुऊन, वाळवून, हलकं घासून एक हात, बस्स.

तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

प्रश्न: बाभळीच्या झोपाळ्यावर बोल्टांभोवती काळे डाग पडलेत. घासूनही जात नाहीत. (एक वाचक, निपाणी)

उत्तर: ती बुरशी नव्हे. बाभळीत टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) भरपूर. ओल्या लोखंडाशी संयोग होऊन शाईसारखा काळा रंग तयार होतो आणि आत मुरतो. बोल्ट काढा. एक लिटर गरम पाण्यात सुमारे १०० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ब्रशनं लावा, वीस मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुवा. ते विषारी आहे: हातमोजे, चष्मा घाला, मुलं-जनावरं दूर ठेवा, वाळल्यावर कोरडं घासून धूळ उडवू नका. नंतर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवा. जुनेच बसवलेत तर डाग परत येतील.

प्रश्न: नव्या खुर्च्या जुलैत आल्या. लगेच रंगवू? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: नको. ओल आत कोंडेल. दसऱ्यानंतर चार-पाच कोरडे दिवस बघून करा. तोवर पडवीत ठेवा, प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका. आत घाम धरतो.