नववीच्या मुलांना शिक्षणाचा इतिहास कसा शिकवावा, मुलं फार कंटाळतात?

तुम्ही लिहिलंय की हंटर कमिशन, म्हणजे इंग्रज सरकारचा शिक्षण आयोग, आलं की वर्ग झोपतो, मग शिकवायचं कसं. मी कोल्हापुरात 14 वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवते, माझाही वर्ग झोपायचा. मग मी सुरुवातच बदलली. पुस्तक उघडायच्या आधी मुलांना घरी एकच प्रश्न घेऊन पाठवते, तुमच्या घरात पहिल्यांदा शाळेत कोण गेलं, आणि त्यांच्या आधीचे का नाही गेले?

उत्तरं काय येतात माहितीय का. आज्जीची शाळा धाकट्या भावाला सांभाळायला सुटली, आजोबांची म्हसरांमागं सुटली, कुणाचं गाव नदीपल्याड म्हणून पावसाळ्यात चार महिने शाळाच नाही. हे सगळं फळ्यावर लिहायचं आणि पुसायचं नाही, कारण पुढं जो कायदा, जो सुधारक येईल त्याला या यादीसमोर उभं करायचं, ह्यातलं नेमकं कुठलं कारण यानं दूर केलं?

मग बघा फुले कसे समजतात. 1848 ला पुण्यात मुलींची शाळा काढली हे मुलांना पाठ असतं, पण 1882 ला हंटर कमिशनपुढं ते म्हणाले की सरकारचा पैसा येतो रयतेच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, निदान 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. हे सांगितलं की पोरं फळ्याकडं बघतात, म्हसरांमागं गेलेला आजोबा तिथंच असतो.

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बिलाला मी अख्खा तास देते. आमच्या कागलला आणि कोल्हापुरात शिकलेला माणूस, त्यांनी 1911 ला सक्तीच्या शिक्षणाचं बिल आणलं आणि 1912 ला ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. वर्गाचे दोन भाग करायचे, एकानं विरोध करायचा, पैसा कुठून आणणार, शेतात राबणार कोण. मतदान घ्यायचं. एका वर्षी माझ्या वर्गातसुद्धा बिल पडलं, पोरं स्वतःच गप्प झाली, तो तास मी विसरणार नाही.

तुम्ही कोल्हापूरच्या आसपास असाल तर मुलांना दसरा चौकात न्याच. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, सगळी हाकेच्या अंतरावर. तिथं उभं राहून विचारायचं, राजर्षी शाहूंनी नुसत्या शाळा का नाही काढल्या, राहायची सोय आधी का बघितली? खेड्यातलं पोरगं शिकायला शहरात आलं तर राहणार कुठं, जेवणार कुणाकडं? ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या घरी, जेवता यायचं, बाकीच्यांना कोण वार देणार? म्हणून 1901 पासून बोर्डिंगं उभी राहायला लागली, अस्पृश्य मुलांसाठी 1908 ला मिस क्लार्क वसतिगृह झालं. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्येच राहून शिकले आणि पुढं 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहाचं महत्त्व त्यांना कुणी वेगळं सांगायला लागलं नाही असं मला मनापासून वाटतं. मग 1917 चा सक्तीचा आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा सांगायचा, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. आणि 1919 चा हुकूम तर सोडूच नका, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, सगळी पोरं एकाच शाळेत. माझ्या मते कोल्हापूर संस्थानातला सगळ्यात मोठा शैक्षणिक निर्णय हाच, कारण शाळा असणं वेगळं आणि बाकावर शेजारी बसणं वेगळं.

शाळा जुनी असेल तर हेडमास्तरांना विचारून जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल्यांची नोंदवही, काढा. नावं झाकून फक्त शाळा सोडल्याचं कारण हा रकाना दाखवा. आमच्याकडच्या एका पानावर ओळीनं सात मुलींपुढं एकच शब्द होता, ‘लग्न’. एका मुलीनं त्या सातही ओळींवरून हळूच बोट फिरवलं, बोलली काहीच नाही.

शिक्षण हक्क कायदा शेवटी, 2009 चा, 2010 पासून लागू. तो शिकवताना मी खिडकीबाहेर दाखवते, गळीत हंगामात ऊसतोडीला आलेल्यांच्या झोपड्या असतात, त्यातली पोरं कोयत्यामागं फिरतात. फळ्यावरची यादी अजून असतेच, मुलंच म्हणतात मॅडम हे कारण अजून तसंच आहे.

एक काळजी घ्या, घरचं उत्तर वर्गात मोठ्यानं वाचायला लावू नका. काहींच्या आईला आजही सही येत नाही, त्या पोराला ते चारचौघांत सांगायचं नसतं. कागद घ्या, नाव न लिहिता, आणि फळ्यावर तुम्ही लिहा. पहिल्या तासाला एवढंच करा, घाई करू नका, एकूण पाच तास लागतात आणि दसरा चौकाला एक शनिवार सकाळ.