मास्तर, गाडी किती वेळ थांबणार?

(वाचकांचे प्रश्न, निवृत्त एस.टी. कंडक्टरची उत्तरं)

गेल्या अंकात मी लिहून बसलो की, कराड-चिपळूण रस्त्यावर खाण्यासारखं जे काही आहे ते कुंभार्ली घाटाच्या वरच्या अंगाला. खाली उतरलं की नुसती तहान लागते. ३४ वर्षं तिकिटं फाडलेल्या माणसानं असं लेखी द्यायचं नसतं. तोंडी बोललं की पुढच्या स्टॉपवर विसरतात, छापलेलं कोण विसरतंय! कोकणातून पत्रं आली. त्यातलं सगळ्यात तिखट आधी घेतो.

"मास्तर, चिपळूण स्टँडच्या फाटकाबाहेर तुम्ही कधी पाऊल टाकलंत का? फाल्गुनात आमच्याकडे येऊन ओल्या काजूगरांची उसळ खाल्ली नसेल, तर तो दोष कोकणाचा नाही. लेखी माफी मागा."
— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

मागतो, बाई. लेखीच मागतो.

फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही हे मात्र खरं आहे. गाडी स्टँडवर लागायची आणि अर्ध्या तासात परत फिरायची. तेवढ्यात वेबिल भरायचं, कंट्रोलरची सही घ्यायची, हातपाय धुवायचे आणि झोपलेल्या ड्रायव्हरला हलवायचं. चिपळूण म्हणजे माझ्या लेखी कँटीनचा वडा आणि एक ग्लास कोकम सरबत. इतक्या भांडवलावर मी कोकणाचा निकाल लावला.

पण काजूगर मी खाल्लेत. आमचा एक ड्रायव्हर सावर्ड्याकडचा होता. होळीच्या आधी घरी जाऊन आला की स्टीलच्या डब्यातून उसळ आणायचा. जुन्या गाड्यांना ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाचं बॉनेट असायचं. डबा फडक्यात गुंडाळून त्याच्यावर ठेवायचा. पोफळीहून घाट चढून कोयनानगरला येईतो उसळ अशी गरम, की आत्ताच चुलीवरून उतरवलीय. वाटलेलं खोबरं, त्यात ते मऊ, वाकडे गर. पहिल्यांदा मी विचारलं, "यात बटाटा का नाही?" तो दोन स्टॉप माझ्याशी बोलला नाही.

पुढे कधीतरी त्याच्या मंडळींना भेटलो तेव्हा बोटं पाहिली. काळी पडलेली, टोकांची सालं निघालेली. ओल्या बिया फोडताना चीक उडतो आणि कातडी भाजते. त्यानंतर मी डबा कधी पूर्ण संपवला नाही. निम्मा त्याच्याकडे सरकवायचो. तर माफी असावी. घाटाच्या दोन्ही अंगांना खाण्यासारखं आहे. तहानही दोन्हीकडे लागते.

"सांगलीहून नणंद भडंग आणते. पहिल्या दिवशी कुरकुरीत, चौथ्या दिवशी चामट. इथे घरी करून पाहिलं तर ते भडंग न होता तिखट कुरमुरे होतात. काय चुकतं?"
— एक वाचक, ठाणे

ताई, चूक तुमच्या पत्रातच आहे. 'कुरमुरे' म्हणालात! आमच्याकडे चुरमुरे. हा फक्त शब्दाचा फरक नाही. भेळेला वापरतात तो बारीक, हलका दाणा भडंगाला चालत नाही. तो तेल पितो आणि मान टाकतो. भडंगाला जाड, टपोरा चुरमुरा लागतो. सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूर इकडे 'भडंगाचे चुरमुरे द्या' म्हटलं की दुकानदार बरोबर पोत्याकडे हात घालतो. नणंदेला पुढच्या खेपेला तयार भडंगाऐवजी दोन किलो चुरमुरेच आणायला सांगा. पिशवी मोठी दिसेल, वजन काही नाही. मीही अशा पिशव्यांचं लगेज कधी लावलं नाही.

करायचं असं. चुरमुरे उन्हात चांगले तापवा. ऊन नसेल तर कढईत कोरडेच, मंद आचेवर, दोन बोटांत चुरडले की पीठ होईल इतके. मग कच्चं तेल, लाल तिखट, मीठ, चिमूटभर साखर हातानं चोळा. चमच्यानं नाही. वेगळ्या फोडणीत शेंगदाणे तांबूस होऊ द्या, मग सालासकट ठेचलेला लसूण भरपूर घाला. लसूण कडक झाला पाहिजे; इथे घाई केली की सगळं बिघडतं, कारण लसणात आणि कढीपत्त्यात जे पाणी उरतं तेच चौथ्या दिवशी चुरमुऱ्यात जातं. हळद गॅस बंद केल्यावर. फोडणी कोमट झाली की ओता, कालवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका. गरम डबा बंद केला की आत वाफ धरते आणि शेवटी नणंदेचं नाव खराब होतं.

कांदा, कोथिंबीर ताटलीत घेतल्यावरच. आणि ठाण्याची हवा दमट आहे, तिला मी काय करणार? चामट झालेलं कढईत दोन मिनिटं परता, येतं ताळ्यावर.

"तुमचं आवडतं गाणं कोणतं? एकच सांगा. आमच्या कट्ट्यावर पैज लागली आहे."
— एक वाचक, इस्लामपूर

पैज कशाची लागलीय ते कळवलं असतं तर सोयीचं उत्तर दिलं असतं.

'घनश्याम सुंदरा'. पण रेडिओवरची नाही. पाटण तालुक्यातल्या एका गावाला आमची मुक्कामाची गाडी जायची. रात्री साडेआठला पोचायचो, सकाळी पावणेसहाला निघायचो. ड्रायव्हर गाडीतच पाठीमागच्या लांब सीटवर झोपायचा. मी मंदिराच्या सभामंडपात, पैशाची बॅग उशाला घेऊन. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तिथं काकड आरती असायची, म्हणजे पहाटे साडेचारला माझ्या डोक्याशी टाळ वाजायचे. पहिल्या वर्षी फार राग आला. दुसऱ्या वर्षी घोंगडी गुंडाळून भिंतीला टेकून ऐकू लागलो. एक म्हातारा होता, भूपाळी तोच धरायचा. त्याचा सूर मधेच खाली बसायचा, चढावर गिअर टाकताना गाडी बसते तसा. मग पखवाजवाला जरा जोर लावायचा आणि म्हातारा परत वर यायचा. बाहेर अंधारात दुधाचे कॅन गाडीत चढवल्याचे आवाज. आमची पहिली गाडी दुधाचीच असायची, माणसं मागाहून.

मी कित्येक वर्षं समजत होतो की ही भूपाळी कुठल्यातरी संताची. पुढे एकदा चहाच्या टपरीवर रेडिओ लागला होता, त्यात ऐकलं की होनाजी बाळाची. पेशवाईच्या शेवटच्या काळातला शाहीर, लावण्या करणारा! तो एक माणूस नव्हे, दोन आहेत हेही तेव्हा कळलं. होनाजी रचायचा, बाळा करंजकर गायचा. १९५१ साली शांतारामबापूंच्या 'अमर भूपाळी'त वसंत देसाईंनी चाल दिली, लताबाईंचा आवाज लागला आणि ती घराघरांत गेली. मला यातलं एकच फार आवडलं. होनाजीचं घराणं गवळ्याचं. म्हणजे पहाटे उठून दूध काढणाऱ्यांच्या घरातलं गाणं आमच्या दुधाच्या गाडीच्या वेळेला चाललं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

लताबाईंचं ऐकतो मी, ते सुंदरच आहे. पण त्यात सूर बसत नाही ना कुठे, मग मला चुकल्यासारखं होतं.

"चहा की कॉफी?"
— एक वाचक, सातारा

हा काय प्रश्न झाला? चहा. हेळवाकला, पावसात, कपाची बशी करून.

"मी पाचवीत आहे. मी चॉकलेटचे कागद जमवते. माझ्याकडे दोनशे अकरा आहेत. आई म्हणते, मुंग्या येतात, टाकून दे. तुम्ही लहानपणी काय जमवत होता?"
— एक छोटी वाचक, विटा

बाळा, आधी ते कागद ओल्या फडक्यानं पुसून वहीत दाबून ठेव. मुंग्या कागदाला येत नाहीत, उरलेल्या साखरेला येतात. एवढं केलंस की आईचा मुद्दा संपला.

मी लहानपणी काही जमवलं नाही, नोकरीत लागल्यावर जमवलं. आता कंडक्टरकाकांकडे मशीन असतं, टुक-टुक केलं की तिकीट बाहेर. आमच्या वेळी पत्र्याचा ट्रे असायचा. त्यात वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांच्या गड्ड्या, प्रत्येकीचा रंग निराळा. प्रवासी म्हणायचा "पाटण एक फुल एक हाफ", की मनात हिशोब करायचा, दोन-तीन रंगांची तिकिटं फाडायची आणि चिमट्यानं भोक पाडायचं. शाळेच्या वेळेला ऐंशी माणसं गाडीत, एक हात दांडीला, आणि हे सगळं दुसऱ्या हातानं. त्या भोकांतून पडणाऱ्या टिकल्या, लाल, हिरव्या, पिवळ्या, खिशात, शर्टाच्या घडीत, बुटांत जायच्या. आमच्या घरी कपडे धुताना मोरीत रंगीत टिकल्या तरंगायच्या आणि घरची मंडळी तुझ्या आईसारखीच बोलायची.

तिकीट मात्र एकही जमवलं नाही. कंडक्टरच्या घरी कोरं तिकीट सापडलं तर नोकरी जाते. पण टिकल्यांवर कुणाचा हिशोब नसतो. ज्या दिवशी ट्रे जमा करून मशीन हातात घेतलं, त्या दिवशीच्या सगळ्या टिकल्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवल्या. अजून आहे बाटली. मुंग्या नाहीत. बाटली धुऊन घेतली होती.

"हल्ली काय वाचताय? कृपया दिवाळी अंक सोडून सांगा, ते सगळेच वाचतात."
— एक वाचक, कोल्हापूर

दिवाळी अंक का सोडायचे? १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही सोय चालू आहे. आमच्या वाचनालयात अंकाला नंबर लावावा लागतो. माझा नंबर ज्येष्ठात आला. बाहेर पाऊस आणि हातात फराळाच्या जाहिराती. मला मजा येते त्यात.

पण तुमचं मन मोडत नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' घेऊन बसलोय. १९१५ सालचं पुस्तक. नावावरून मला वाटलं, माझ्या कामाचं आहे. गाव आहे, गाडा आहे. दिवसाला सात-आठ पानांच्या वर जात नाही, भाषा जुनी आणि घट्ट. आत्रे महसूल खात्यातले, त्यामुळे बलुतेदार कोण, अलुतेदार कोण, कुणाला किती धान्य, कुणाचा काय हक्क, सगळं तलाठ्याच्या दप्तरासारखं बारकाईनं. वाचताना मला माझी सकाळची गाडी दिसते. हत्यारांची पेटी घेतलेला सुतार, मडक्यांची पाटी पायाशी धरून बसलेली बाई, पुढच्या सीटवर कुणीही न सांगता पाटील. शंभर वर्षांनी उतरंड तीच, फक्त सीट नंबर पडलेले.

एका जागी मात्र माझं आणि आत्र्यांचं बिनसलं. फिरस्त्या लोकांवर लिहिताना त्यांची लेखणी कडू होते. कचेरीच्या खुर्चीतून जे दिसतं ते लिहिलंय. मी त्याच लोकांना गाडीतून नेलंय. बोचकी, पोरं, टोपलीतल्या कोंबड्या, आणि लगेजवरून माझ्याशी रोज भांडण. भांडण व्हायचं, पण तिकीट कुणी चुकवलं नाही. बिनतिकीट सापडले ते बहुतेक इस्त्रीचे शर्ट.

पुस्तक अर्धं झालंय. उरलेलं झालं की सांगतो, मत बदललं तर तेही सांगतो.

"बसमध्ये लोक मोबाइलवर मोठ्यानं रील लावतात. तुमच्या वेळी तुम्ही काय करत होता?"
— एक वाचक, मिरज

आमच्या वेळी लोक मोठ्यानं बोलायचे. मी घंटीची दोरी ओढायचो, एकदा. गाडी थांबायची, सगळे गप्प व्हायचे, काय झालं म्हणून बघायचे. मग डबल बेल. हल्ली मी अर्ध्या तिकिटावर बसतो, दोरीही नाही. कापूस घालतो कानात.

"मी कराडचा, सध्या पुण्यात वसतिगृहात आहे. इथे प्रत्येकाला कशाची तरी भयंकर आवड आहे. कुणाची गाण्यांची यादी आहे, कुणी वर्षाला पन्नास पुस्तकं वाचतो, कुणाला चार प्रकारची कॉफी ओळखता येते. मला कुणी विचारलं की काहीच सुचत नाही. मला कशाचीच विशेष आवड नसेल का?"
— एक विद्यार्थी, पुणे

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा लावून. पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात बोटाचा पिवळट ठसा आहे, तेलाचा. तिसऱ्या पानावर आणखी दोन. मी आधी म्हटलं, खारे शेंगदाणे असतील. पण शेंगदाण्याला हळद कुठली? घडीत लसणाचं एक साल सापडलं, कडक तळलेलं, न जळलेलं. चार पानं लिहून होईतो तू ताटली सोडलेली नाहीस.

हे पुण्यातल्या कुठल्या दुकानातलं नाही, पैजेवर सांगतो. घरून आलंय की कुणी गाववाला घेऊन आला? चुरमुरा कुठला आणि केलं कुणी, एवढं उलट टपाली कळव. ठाण्याच्या ताईंना सांगायला मला उपयोग होईल.