वाचकांचे प्रश्न : सेंट्रालियाच्या पोटातली आग

प्रश्न : अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं सेंट्रालिया गाव जमिनीखालच्या कोळशाच्या आगीमुळे रिकामं केलं, तरी त्याची नोंद अजून ‘बरो’ अशीच कशी? – वाचक, पुणे

उत्तर : घरं पाडली, पण बरो रद्द झाला नाही. पेनसिल्व्हेनियात बरो म्हणजे आपल्या नगरपंचायतीसारखी, निवडून आलेलं कौन्सिल आणि मेयर असलेली स्थानिक संस्था. माणसं गेली म्हणून ती आपोआप मोडत नाही.

कोलंबिया काउंटीतला (म्हणजे जिल्ह्यातला) हा बरो जेमतेम 0.62 चौरस किलोमीटरचा. लोकस्ट माउंटन कोल अँड आयर्न कंपनीचे इंजिनिअर अलेक्झांडर रे यांनी 1854 मध्ये इथे रस्ते आणि भूखंड आखले. आधीचं नाव सेंटरव्हिल होतं. शेजारच्या स्कुलकिल काउंटीत त्याच नावाचं गाव असल्याने टपाल खात्यासाठी ते 1865 मध्ये बदललं, आणि 1866 मध्ये बरोचा दर्जा मिळाला. 1890 मध्ये लोकसंख्या 2,761 होती. 2020 च्या जनगणनेत 5.

राज्याने 1992 मध्ये सगळी मालमत्ता संपादित केली, 2002 मध्ये 17927 हा झिप कोडही (तिथला पिन कोड) गेला. उरलेले रहिवासी कोर्टात लढले. गावाखालच्या कोळशाचे हक्क बरोकडे आहेत आणि ते मिळवण्यासाठीच आम्हाला हुसकावलं जातंय, असा त्यांचा आरोप होता. अखेर 2013 च्या तडजोडीत त्यांना हयातभर राहण्याची मुभा मिळाली. त्यामुळे या गावाला ‘भुताचं गाव’ म्हणणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : इतकी वर्षं जळणारी आग पाणी ओतून विझवता येत नाही का? – वाचक, चंद्रपूर

उत्तर : नाही, आणि त्याचं कारण तिथल्या भूगोलात आहे. या भागात अँथ्रासाइटचे (कठीण दगडी कोळशाचे) थर घडी पडल्यासारखे वाकलेले, तिरपे आहेत. काही ठिकाणी थराचं तोंड थेट जमिनीवर उघडं पडतं आणि तिथून तो खोल उतरत जातो. शिवाय शंभर वर्षांच्या खोदकामाने आत पोकळ्या झाल्या. छत पेलणारे कोळशाचे खांबसुद्धा पुढे काढून नेले गेले. ओतलेलं पाणी या पोकळ्यांतून खाली निघून जातं. निखारे वर राहतात, आजूबाजूचा खडक तापलेलाच असतो आणि भेगांतून हवा आली की कोळसा पुन्हा पेट घेतो. अँथ्रासाइट पेटायला कठीण, पण पेटल्यावर धग धरून बसतो.

सर्वाधिक मान्य हकीकत अशी : मे 1962 मध्ये, मेमोरियल डे या शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाआधी, ऑड फेलोज नावाच्या दफनभूमीजवळच्या जुन्या उघड्या खाणीतला कचरा साफ करण्यासाठी पेटवण्यात आला. वरची आग विझवली, खालचा कचरा धुमसत राहिला. खड्ड्याच्या कडेला सुमारे 15 फुटांचं एक भोक होतं, जे न जळणाऱ्या मातीने बुजवायला हवं होतं. कचऱ्याखाली ते दिसलंच नाही, आणि त्यातून आग जुन्या बोगद्यांत शिरली.

मग खोदकाम झालं. आग किती पसरली हे बोअर घेऊन तपासायला कंत्राटदाराला मनाई होती. 58,580 घनयार्ड, म्हणजे सुमारे 45 हजार घनमीटर माती उपसली, पण खड्डा आगीच्या मागे मागेच राहिला आणि उघड्या झालेल्या थराला उलट जास्त हवा मिळाली. पैसे संपले. नंतर आगीच्या पुढे बोअर पाडून दगडाचा चुरा पाण्याबरोबर आत सोडायचं ठरलं. त्या हिवाळ्यात पाण्याचे पाइप गोठले, चुरा करणारं यंत्र गोठलं, आणि मार्च 1963 मध्ये तेही थांबलं. पुढे बोअरमधून फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) सोडून भिंत उभारली, तीही पुरली नाही.

सुरुवातीलाच आधी बोअर घेऊन आगीची हद्द शोधली असती आणि तिच्या बरंच पुढे, थराच्या तळापर्यंत चर खणून तो मातीने भरला असता, तर गाव वाचण्याची खरी संधी होती. फेब्रुवारी 1981 मध्ये 12 वर्षांच्या एका मुलाच्या पायाखालची जमीन अचानक खचली. झाडाचं मूळ धरून तो लटकला आणि नात्यातल्या मुलाने त्याला वर ओढलं. 1983 मध्ये पूर्ण आग खणून काढण्याचा अंदाज आला 66 कोटी 30 लाख डॉलर. लोकांना हलवायला मात्र 4 कोटी 20 लाख पुरणार होते, आणि 1984 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तेच मंजूर केले.

प्रश्न : न्यू जर्सीहून मुलांना घेऊन जाऊ. काय दिसेल? – वाचक, एडिसन

उत्तर : इंटरस्टेट 81 फ्रॅकव्हिलला सोडून राज्यमार्ग 61 ने अॅशलँडमार्गे जा. चित्रांनी रंगवलेला जुना, तडकलेला रस्ता शोधू नका. एप्रिल 2020 मध्ये तो मातीखाली बुजवला. दिसतील रिकाम्या गल्ल्या, दफनभूमी, आणि टेकडीवरचं 1911 चं पांढरं युक्रेनियन चर्च. त्याच्याखाली कोळसा नसून पक्का खडक आहे, म्हणून ते वाचलं. वाफ दिसलीच तर थंड, दमट दिवशी. तिच्याजवळ मुलांना नेऊ नका : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि जमीन आतून पोकळ असू शकते. डांबरी रस्ता सोडू नका.

खाण आतून पाहायची तर अॅशलँडच्या पायोनियर टनेलमध्ये खाणीच्या गाडीतून नेतात. हिवाळ्यात ती फेरी बंद असते. आत उन्हाळ्यातही तापमान सुमारे 11 अंश सेल्सिअस असतं, तेव्हा स्वेटर घ्या.