गल्लीत बऱ्याच घरांवर सोलर बसल्यापासून माझा सोलर इन्व्हर्टर भर दुपारी बंद का पडतो? आणि लाईट गेल्यावर वायरमनला धोका नाही ना?

'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' (म्हणजे लाईनचं व्होल्टेज जास्त) दाखवून बंद पडतोय ना? मग इन्व्हर्टर ठीक आहे, रोग तारेत आहे. मी सोलर जोडणीचंच काम करतो. डीपीपासून (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, गल्लीच्या टोकाच्या घरांतून ही तक्रार हमखास येते.

वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला लाईनपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज ठेवावं लागतं. ५ किलोवॉटचा सिंगल फेज इन्व्हर्टर पूर्ण जोरात साधारण २२ अँपिअर सोडतो. डीपीपर्यंत फेज-न्यूट्रलचा मिळून रोध अर्धा ओहम धरला, तर तुमच्याकडे व्होल्टेज ११ ने वर. एकट्याचं निभावलं असतं. पण त्याच तारेवर शेजारचेही ढकलतात, आणि दुपारी घरात चालू काय असतं? फ्रिज आणि एखादा पंखा. २३० च्या ११० टक्के, म्हणजे २५३ व्होल्ट ओलांडले की दोन सेकंदांत लाईनपासून सुटायचं, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०१३ चा नियम आहे.

आता बसवणारा म्हणेल, "साहेब, सेटिंग २७० करून देतो." अजिबात करू देऊ नका! तुमचं युनिट वाढेल, शेजाऱ्याचा इन्व्हर्टर सुटेल, आणि ते वाढीव व्होल्टेज सगळ्यांच्या टीव्ही-फ्रिजला बसेल.

आधी ऐन उन्हात एकाच वेळी इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी व्होल्टेज मोजून घ्या. दोन्हींत पाच-सहा व्होल्टचा फरक असेल तर तुमचीच केबल बारीक आहे; जाड टाका, काम स्वस्तात होईल. मीटरपाशीच २५० दिसत असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात सगळ्यांनी मिळून अर्ज द्या. बहुतेक सिंगल फेज सोलर एकाच फेजवर गोळा झालेले असतात, ते तिन्हींवर वाटायला सांगा. डीपीचा टॅप, म्हणजे बाहेर येणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय, खाली घेता येतो, पण लहान डीपीला बऱ्याचदा टॅपच नसतो, आणि असला तरी रात्री टोकाच्या घरांना व्होल्टेज कमी पडू शकतं.

वायरमनचं म्हणाल, तर लाईन गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपोआप सुटतो. अनेक इन्व्हर्टर एकमेकांनाच लाईन समजून चालत राहू नयेत म्हणून ते फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) मुद्दाम हलवून पाहतात; खरी लाईन नसेल तर ती लगेच हलते आणि ते सुटतात. खरी भीती मला चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे घर लाईनपासून न तोडता, लावलेल्या जनरेटरची वाटते; त्याची वीज उलट तारेत जाते.

सगळे एकदम सुटणं हेही बरं नव्हे. जर्मनीत ग्रिडची फ्रिक्वेन्सी नेहमीच्या ५० वरून ५०.२ हर्ट्झला गेली की जुने इन्व्हर्टर एका झटक्यात सुटायचे. भर उन्हात तसं झालं तर सगळं ग्रिडच हादरेल, म्हणून २०१२ च्या नियमानंतर तिथे तीन लाखांवर जोडण्या बदलायला घेतल्या. तुमच्या इन्व्हर्टरमध्ये 'व्होल्ट-वॉट' असेल तर महावितरणला विचारून तो चालू करून घ्या: व्होल्टेज चढेल तसा तो जोर कमी करतो, पूर्ण बंद पडत नाही. थोडे युनिट जातील, पण दुपार फुकट जाणार नाही.