बाई, एक विचारू? : टीव्ही आलाय, आता करू काय?

या महिन्यात टीव्ही, टॅब आणि मोबाइल यांवरच इतकी पत्रं आलीयत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी मिळून 31 पोरं. गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून मोठा टीव्ही घेऊन दिला, नारळ फोडला, फोटो झाले. आता तो चादरीखाली झाकून ठेवलाय. गावात रेंज नाही, लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि लावलाच तर पोरं नुसती बघत बसतात. गावकरी विचारतात, टीव्ही चालू आहे का. काय सांगू?

ताई, आधी एक कबुली देते. माझ्या वर्गात टीव्ही आला तेव्हा मी तिसरीला जलचक्राचा व्हिडिओ लावला, अकरा मिनिटांचा, पोरं इतकी गप्प की मला वाटलं जिंकलं. संपल्यावर विचारलं, काय बघितलं रे? तर पहिलाच हात वर, "बाई, तो ढग हसत होता." दुसऱ्यालाही ढगच आठवत होता. वाफ कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी मी तोच व्हिडिओ लावला पण दीड मिनिटाला थांबवला आणि विचारलं, आता हे पाणी कुठं जाईल? मग जी काय भांडणं झाली वर्गात! एक म्हणतो जमिनीत जिरेल, एक म्हणतो उडून जाईल, एक म्हणते आमच्या अंगणात शिंपलं की दुपारपर्यंत दिसतच नाही. रिमोटवरचं थांबवायचं बटण हेच त्या टीव्हीतलं सगळ्यात कामाचं बटण आहे असं माझं मत झालंय ते तेव्हापासून. अकरा मिनिटांच्या व्हिडिओला मला पस्तीस मिनिटं लागतात आणि लागू देत.

आता रेंजचं. रेंज नाही म्हणून अडू नका, ओटीजी पेनड्राइव्ह घ्या, म्हणजे एका टोकाने मोबाइलला लागतो आणि दुसऱ्याने टीव्हीला. त्यात दुसऱ्यांचे व्हिडिओ भरण्याआधी तुमच्याच वर्गातलं भरा. मी चौथीला मटकीला मोड आणायला लावले होते, वाटीत ओला कापूस, वाटी खिडकीत, आणि रोज परिपाठ झाला की एका पोराने एकाच जागेवरून एक फोटो काढायचा, जागा चुकू नये म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर खडूने फुली मारलेली. पाच दिवसांचे पाच फोटो टीव्हीवर एकामागून एक सरकवले. रोज बघत होती तरी तेव्हाच ओरडली, बाई, मूळ आधी आलं, पान नंतर! एका मुलीची मटकी कुजली होती, तिचे फोटोही लावले, आणि खरं सांगू, त्या कुजलेल्या मटकीवरच जास्त बोलणं झालं, पाणी जास्त झालं होतं का, वाटी झाकून ठेवली होती का वगैरे.

द्विशिक्षकीत खरा प्रश्न असतो की दोन वर्गांना शिकवताना उरलेल्या दोघांचं काय, आणि तिथेच मोह होतो की त्यांना टीव्हीसमोर बसवू. नका बसवू. त्यापेक्षा एक जुना मोबाइल, सिम काढलेला, रेकॉर्डर उघडून कोपऱ्यात ठेवा. एकेकाने जाऊन आपला परिच्छेद वाचून रेकॉर्ड करायचा, परत ऐकायचा, वाटलं तर पुन्हा वाचायचा. माझ्याकडे एक मुलगा पूर्णविरामावर थांबतच नव्हता, मी वर्षभर सांगून थकले, स्वतःचा आवाज ऐकला आणि म्हणाला, बाई मी श्वासच घेत नाय की! मला संध्याकाळी चहा पिता पिता सगळ्यांचं वाचन ऐकता येतं, कोण अडतंय आणि कुठल्या जोडाक्षरावर, तेही कळतं.

लाइटचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. फळ्यावर धडा तयार ठेवा, आली तर टीव्ही, गेली तर फळा. आणि गावकऱ्यांना एका शनिवारी बोलवा, पोरांनाच मटकी दाखवू दे, मग कुणी विचारणार नाही चालू आहे का म्हणून.

प्रश्न : मुलगी दुसरीत, खाजगी शाळेत. गृहपाठ टॅबवरच्या अ‍ॅपवर असतो. रोज स्टार मिळतात, शाळेकडून मेसेज येतो "उत्कृष्ट". पण परवा वाण्याकडे 50 ची नोट देऊन 32 रुपयांचं सामान घेतलं आणि परत किती येतील ते तिला सांगता आलं नाही. चुकतंय कुठं?

दादा, एक दिवस तिच्या मागे उभं राहून नुसतं बघा, बोलू नका. बहुतेक असं दिसेल की चार पर्याय येतात, ती एक दाबते, चुकलं की दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी हिरवं होतंच. स्टार तिला गणिताचा नाही, दाबण्याचा मिळतोय. लबाडी नाहीये ही, हुशारीच आहे, फक्त वेगळ्या गोष्टीतली.

म्हणून एवढंच करा, टॅबशेजारी वही ठेवा, आधी वहीत मांडायचं मग टॅबवर दाबायचं. बत्तीसपासून पन्नासपर्यंत चढत जाऊ दे, आठ मिळवले की चाळीस, अजून दहा की पन्नास, म्हणजे अठरा. घरात सुट्टी नाणी असतील तर ताटात ओता, त्याच्याइतकं चांगलं अ‍ॅप मी अजून पाहिलं नाही. शाळेत भेटलात तर भांडू नका, एवढंच विचारा की तिने कुठलं गणित कितव्या प्रयत्नात सोडवलं ते दिसतं का. दिसत असेल तर ते बाईंनी वाचायला हवं, आणि दिसत नसेल तर त्या "उत्कृष्ट"ला काही अर्थ नाही.

(टॅब वाईट, असं मी म्हणत नाहीये हां. अपूर्णांकासाठी मी स्वतः फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर हलवून बघायचे प्रयोग, वापरते, कोलोरॅडो विद्यापीठाची, फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. पण आधी भाकरीचे चार तुकडे, मग स्क्रीन.)

प्रश्न : क्यूआर कोडने खरंच फरक पडतो का? परितेवाडीच्या गुरुजींना बक्षीस मिळालं तेव्हापासून आमच्याकडेही भिंतीभर कोड चिकटवलेत, स्कॅन कुणीच करत नाही.

परितेवाडीचे ते गुरुजी म्हणजे रणजितसिंह डिसले, त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज हा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण लोक कोडच बघतात, कोडच्या मागे काय होतं ते बघत नाहीत. त्यांनी पाठ्यपुस्तकातला मजकूर मुलांच्या घरच्या भाषेत आणला, आणि कविता, गोष्टी, स्वाध्याय त्या चौकोनातून मुलांपर्यंत पोचवले. चौकोन म्हणजे नुसतं दार.

तुमच्या भिंतीवरचे कोड उघडून बघा, निम्म्यात काही नसेल किंवा भलत्याच भाषेतलं असेल. सगळे काढा, तीन ठेवा. एकात गावातल्या आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी, एकात चौथीच्या पोरांनी वाचलेली कविता, आणि तिसऱ्यात काय ठेवायचं ते पोरांना विचारा. बालभारतीच्या पुस्तकातले कोड सरकारच्या दीक्षा अ‍ॅपने उघडतात, ते तुम्ही आदल्या रात्री घरी बघा, आवडलं तरच वर्गात. वाचायला गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट आहे, मराठी पुस्तकं फुकट उतरवता येतात.

आणि कोड चिकटवताना पोरांच्या उंचीला चिकटवा हो. एका शाळेत मी स्टुलावर चढून स्कॅन केलाय.