लोकांची भीती आणि दवाखान्याची पायरी

प्रश्न : मी २७ वर्षांची असून मूळची बार्शीची आहे. पुण्यात एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात नोकरी करते. कामाबद्दल तक्रार नसते, परंतु चार लोकांसमोर बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते आणि हात कापू लागतात. कोणी पाहत असेल तर साधी सहीसुद्धा धड होत नाही. बढती घेतली असती तर अशिलांसोबतच्या बैठका मला घ्याव्या लागल्या असत्या, म्हणून मी ती नाकारली. मध्यंतरी पाहुणे मला बघायला आले, तेव्हा ट्रेमधल्या कपबश्या वाजू लागल्याने मी तो दारातच भावाच्या हातात दिला आणि आत निघून गेले. घरचे म्हणतात, ‘लहानपणापासूनच लाजाळू आहे, लग्न झाले की सुधारेल.’ हा आजार आहे की स्वभाव? कोणाकडे जावे? समुपदेशन केंद्राला फोन लावते, पण पलीकडून ‘हॅलो’ आले की ठेवून देते. जिला फोनवर बोलता येत नाही, ती समोर बसून काय बोलणार?

उत्तर : लाजाळूपणा हा आजार नाही आणि त्यावर उपचारही करायचे नसतात. मोजके बोलणारी, समारंभात कडेची खुर्ची शोधणारी, नव्या माणसाशी मोकळे व्हायला वेळ घेणारी कितीतरी माणसे समाधानाने जगतात. अशांना मुखदुर्बळ म्हणून हिणवण्याची आपल्याकडची खोड मला मुळीच मान्य नाही. बढतीचे काम आवडणारे नव्हते म्हणून तुम्ही ती नाकारली असती, तर मी काहीच म्हटले नसते. परंतु तुम्ही ती हात कापतील म्हणून नाकारली, आणि माझ्या दृष्टीने प्रश्न तिथे सुरू होतो. लोक आपल्याला जोखत आहेत आणि आपली फजिती होणार, ही भीती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली, आणि तिच्यामुळे शिक्षण, नोकरी किंवा नाती अडू लागली, तर तिला ‘सोशल अँक्झायटी डिसऑर्डर’ असे म्हणतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली ‘सोशल फोबिया’ या नावाने तिला प्रथम स्वतंत्र स्थान मिळाले. ही भीती बहुधा शाळा-कॉलेजच्या वयातच मूळ धरते, त्यामुळे घरच्यांना ती स्वभावच वाटते, यात त्यांचा दोष नाही. लग्नाने मात्र ती जात नाही. सासरी तर आपल्याला जोखणारी नवी माणसे आयतीच भेटतात.

पत्रावरून निदान करता येत नाही, पण तज्ज्ञांना भेटण्याइतके कारण तुमच्या पत्रात नक्कीच आहे. हात कापणे आणि छाती धडधडणे थायरॉइड वाढल्यानेही होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली तर ‘माझा त्रास मनाचा आहे’ असे म्हणून ती टाळू नका.

उपचारात नेमके काय होते, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जण दारातूनच परततात. तिथे ‘धीट व्हा, घाबरायचे काय त्यात’ असे कोणी सांगत नाही. ते सांगायला नातेवाईक पुरेसे असतात. या त्रासासाठी सर्वाधिक आधार असलेली पद्धत म्हणजे विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणारी ‘सीबीटी’ (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी). डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये या भीतीचे जे चक्र मांडले, ते तुमच्या चहाच्या ट्रेला तंतोतंत लागू पडते. पाहुण्यांसमोर जाताच तुमचे सगळे लक्ष समोरच्या माणसांवरून उडून स्वतःच्या हातांवर खिळते. हात कापताना दिसू नयेत म्हणून तुम्ही ट्रे घट्ट आवळता. स्नायू आवळल्याने हात अधिकच कापतात, कपबश्या वाजतात, आणि ‘सगळ्यांना दिसले’ अशी तुमची खात्री पटते. मग पळ काढल्याने क्षणभर सुटल्यासारखे वाटते आणि पुढच्या वेळची भीती वाढते. वाक्य मनात दहादा घोळवून मग बोलणे, नजर चुकवणे, पेला दोन्ही हातांनी धरणे, या युक्त्या आपल्याला वाचवतात असे वाटते, पण भीतीला वर्षानुवर्षे खतपाणी त्याच घालतात.

म्हणून उपचारात या युक्त्या एकेक करून सोडायला शिकवले जाते आणि जे घडेल अशी भीती वाटते ते खरोखर घडते का, हे ठरवून तपासले जाते. भाजीवाल्याकडे भाव विचारून काहीही न घेता पुढे जाणे, दुकानात कोणी पाहत असताना सावकाश सही करणे, बैठकीत आधी न घोटलेला एक प्रश्न विचारणे, कप एका हाताने आणि सैल धरणे, असा गृहपाठ सोप्यापासून अवघडाकडे जातो. काही तज्ज्ञ तुमच्या बोलण्याचे चित्रीकरण करून तुम्हालाच दाखवतात; आपल्याला आतून जेवढे थरथरल्यासारखे वाटत होते, त्या मानाने बाहेर फारच थोडे दिसत होते, असे बहुतेकांना तेव्हा आढळते.

अविवेकी समजुती बदलण्यावर भर देणाऱ्या आणि मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचित झालेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस हे तरुणपणी स्वतःच मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत असत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वनस्पती उद्यानात जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या शंभराच्या आसपास स्त्रियांशी महिनाभरात बोलण्याचा सपाटा लावला. त्यांतून एकच भेट ठरली आणि ती स्त्रीही ठरल्या वेळी आली नाही, असे ते स्वतःच सांगत. तरीही नकाराने आकाश कोसळत नाही हे कळल्याने त्यांची भीती गेली. (हा प्रयोग आज कोणी जसाच्या तसा करू नये, बाकावर निवांत बसलेल्या स्त्रीचाही काही विचार करायला हवा.)

ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या त्रासावर प्रथम वैयक्तिक सीबीटी सुचवली असून, सुमारे चार महिन्यांत दीड-दीड तासाच्या चौदापर्यंत बैठका, असा तिचा आवाका सांगितला आहे. आपल्याकडे बैठक बहुधा पाऊण ते एक तासाची असते, त्यामुळे संख्या थोडी वाढू शकते. एका भेटीत फरक पडला नाही म्हणून सोडून देऊ नका, आणि वर्षभर केवळ गप्पाच होत असतील, गृहपाठ काहीच मिळत नसेल, तर तसे स्पष्ट विचारा.

आता कोणाकडे जावे, ते पाहू. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाहीत, पण सीबीटीसारख्या उपचारांचे प्रशिक्षण त्यांना असते. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही अशिष्ट नाही. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांच्या शिक्षणात मात्र फार तफावत आढळते, म्हणून शिक्षण काय आणि सोशल अँक्झायटीवर सीबीटी करता का, एवढे दोन प्रश्न आधी विचारावेत. खासगी शुल्क परवडत नसेल तर पुण्यात ससून रुग्णालयाचा मनोविकारशास्त्र विभाग आहे, आणि इतर वाचकांना आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशी बाह्यरुग्ण सेवा मिळू शकते. मानसोपचार म्हटले की अजूनही कित्येकांच्या डोळ्यांसमोर येरवड्याचे किंवा ठाण्याचे मनोरुग्णालय येते. तुम्हाला मात्र केसपेपर काढून, तासभर बोलून घरी यायचे आहे.

आणि फोनचे काय? जी गोष्ट करता येत नाही म्हणून मदत हवी, तीच गोष्ट मदत मागण्यासाठी करावी लागते, हा या त्रासातील सर्वांत मोठा अडसर आहे, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो. तेव्हा पहिली पायरी आपल्या सोयीने चढण्यात कमीपणा मानू नका. व्हॉट्सॲपवर किंवा ई-मेलने वेळ घ्या, अथवा भावाला फोन लावायला सांगा. सकाळची पहिली वेळ मागितल्यास प्रतीक्षा कक्षात गर्दी नसते. तुम्ही मला लिहिलेले हे पत्र छापून न्या आणि ‘मला बोलताना अडचण येते, आधी हे वाचावे’ एवढे म्हणून पुढे ठेवा. पहिल्या भेटीत याहून अधिक बोलण्याची गरज नाही. तिथे हात कापले, आवाज फुटला नाही, तर उलट तज्ज्ञांना तुमचा त्रास प्रत्यक्ष पाहायला मिळेल. कार्यालयात कळेल ही धास्ती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुमच्या संमतीवाचून डॉक्टर ही माहिती तुमच्या साहेबांना देऊ शकत नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा आठवीत आहे. घरी अखंड बडबड, पण शाळेत गप्प. तोंडी परीक्षेच्या दिवशी हमखास पोट दुखते. भीड चेपावी म्हणून त्याचे नाव वक्तृत्व स्पर्धेत घातले, तर दोन दिवस जेवला नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पाठवावे का?
— एक पालक, चाळीसगाव

उत्तर : तूर्त नको, आणि स्पर्धेतले नावही काढून घ्या. भीतीला सामोरे जाणे हाच उपाय असला, तरी त्याच्या पायऱ्या मुलाच्या संमतीने आणि त्याला झेपतील अशा ठरवाव्या लागतात. एकदम व्यासपीठावर ढकलल्याने तो एवढेच शिकतो की आपल्याला वाटत होते ते खरेच होते. पोटदुखी खोटी नसते, म्हणून एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्याचबरोबर त्या कारणासाठी शाळा बुडू देऊ नका, कारण प्रत्येक चुकवलेल्या दिवसागणिक परतणे अवघड होते. वर्गशिक्षकांना भेटून, काही आठवडे तोंडी परीक्षा वर्गासमोर न घेता एकट्याची, मग एका मित्रासमोर, अशी घेता येईल का, ते विचारा. पाहुण्यांसमोर ‘आमचा हा फार लाजाळू’ असे म्हणणे आणि दुकानात त्याच्या वतीने तुम्हीच बोलणे, हे दोन्ही आजपासून थांबवा. तो शाळेत एक शब्दही बोलत नसेल, किंवा दोन-तीन महिन्यांत फरक दिसला नाही, तर मुलांसोबत काम करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे न्या. कुठे जावे हे कळत नसेल, तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य आणि कोणत्याही वेळी विचारता येते.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक आहे. वर्गात शिकवताना काहीच वाटत नाही, परंतु येत्या जूनपासून प्राचार्यपद माझ्याकडे येत आहे आणि १५ ऑगस्टच्या भाषणाच्या कल्पनेनेच झोप उडाली आहे. एका मित्राने प्रोप्रानोलॉलची गोळी दिली आहे. दुसऱ्याचे म्हणणे, ‘थोडीशी घेऊन जा’. काय करावे?

उत्तर : दुसऱ्या मित्राचे म्हणणे विसरा. भीती दाबण्यासाठी घेतलेली दारू पुढे प्रत्येक भाषणाआधी लागू लागते, आणि या त्रासाच्या जोडीला व्यसन जडलेली माणसे मानसोपचारतज्ज्ञांना नित्य भेटतात. प्रोप्रानोलॉल हृदयाची धडधड आणि हातांचा कंप कमी करते, म्हणून ठरावीक प्रसंगापुरती ती कधीकधी दिली जाते. परंतु दमा असलेल्या माणसाला तिने श्वासाचा गंभीर त्रास होऊ शकतो आणि ज्यांच्या नाडीचे ठोके मुळातच मंद आहेत त्यांनाही ती चालत नाही. मित्राच्या हातून घेण्याची ती गोळी नव्हे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि शांततेच्या गोळ्यांची सवय लागते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या, चिंता आणि नैराश्यावर रोज घ्यायच्या औषधांची तशी ओढ लागत नाही, मात्र ती आपल्या मनाने एकाएकी बंद करायची नसतात. त्यांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे, क्वचित अधिकही लागतात, आणि सीबीटीने करायच्या तयारीला त्याहूनही अधिक अवधी लागू शकतो. तेव्हा ऑगस्ट उजाडायची वाट न पाहता, पदभार स्वीकारण्यापूर्वीच मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि पूर्वी कधी दमा किंवा धाप लागण्याचा त्रास झाला असल्यास तो त्यांना आवर्जून सांगा.